अकराव्या अल्बमची फॅट

चहा हातात घ्या आणि मगच ऐका, कारण मधेच कोणी उठलं की माझी लय जाते. माझ्या हातून लहानमोठे घोटाळे पुष्कळ झालेत. पण मुलीचं जमत आलेलं लग्न चार परदेशी म्हाताऱ्यांपायी मोडायला आणणारा बाप आख्ख्या राहुरी तालुक्यात मी एकटाच असेन!

हे चार म्हातारे म्हणजे एक रॉक बँड. नाव सांगत नाही. तुम्ही लगेच मोबाईलवर शोधाल, ऐकाल आणि माझ्यावरच उलटाल. गाणाऱ्यानं सत्तरी ओलांडलीय, ड्रमवाला त्याच्याहून मोठा, पण थांबायचं नाव नाही. दर तीनचार वर्षांनी नवा अल्बम काढतात. तिकडे त्यांचा अल्बम निघाला की इकडे मी कपाळाला हात लावायचो.

का म्हणून? अहो, माझं ठाम मत होतं की हा बँड पहिल्या पाच अल्बमांतच संपला. पुढचं सगळं नुसतं दुकान चालू ठेवणं.

ते पाच मी कॉलेजात असताना नगरहून कॅसेटवर आणले होते. तेव्हा आम्ही मुळा धरणाच्या बाजूला, शेतातल्या वस्तीवर राहायचो. घरात वडिलांनी घेतलेला एक डेक होता. त्यावर ती पहिली कॅसेट लावली आणि काय सांगू! तो आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. भारदस्त, जड, दुखावलेला. ते ड्रम म्हणजे भरलेली उसाची गाडी चढ चढतेय. एकेक ठोका तोलून मापून. मला इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण हा माणूस फार मोठं काहीतरी सोसून आलाय, एवढं कळत होतं.

मग मला डेअरीवर नोकरी लागली, मी राहुरी गावात राहायला आलो. डेक वस्तीवरच राहिला. पुढचे अल्बम आधी सीडीवर, मग मोबाईलवर ऐकले. आणि काय ती अधोगती! गाणाऱ्याचा आवाज पातळ झालेला, चिरका. ड्रमवाल्याला शेवटची एसटी चुकेल अशी घाई. कुठे गेलं ते वजन? कुठे गेलं ते सोसणं?

डेअरीवर माझं काम दुधाची फॅट लावायचं. मशीनमध्ये दूध घालायचं, साय किती, पाणी किती, आकडा समोर. तीच सवय मला बँडच्या बाबतीत लागली. पहिला अल्बम म्हणजे जातिवंत म्हशीचं, फॅट आठ. पाचवा, साडेसहा. सातवा, गाईचं. नवव्यात नळाचं पाणी सरळ दिसतं. आणि अकरावा? त्यात दूध शोधावं लागतं!

हे मी डेअरीवर सगळ्यांना ऐकवायचो. कोणी विचारलं नाही तरी.

एकदा आमच्या जाधवनं कौतुकानं पहिल्या अल्बममधलं गाणं मोबाईलवर लावलं. दोन ओळी ऐकल्या आणि म्हटलं, "बंद कर. म्हाताऱ्यांनी पैशासाठी पुन्हा गायलंय हे."

"साहेब, खाली साल तर जुनंच लिहिलंय."

"लिहायला काय जातं? पिशवीवरसुद्धा 'ताजं' असं लिहिलेलं असतं!"

त्यानंतर मी नियमच केला. पहिले पाच अल्बम ऐकायचे तर मूळ कॅसेटवर, मूळ डेकवर, वस्तीवर. बाकी कशावर नाही. आता तुम्ही म्हणाल, मग यात लग्न कुठे आलं? येतंय. तुमचा चहा संपायच्या आत येतंय.

आमची प्रज्ञा आणि नगरचा सुमेध साळवे कृषीच्या वर्गात बरोबर शिकले. पुढे दोघांनी ठरवलं, घरी सांगितलं. मुलगा सालस, माणसं चांगली. साळवे मंडळी बैठकीला आमच्याकडे येणार, त्या दिवशी सकाळी प्रज्ञा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, आज काहीही बोला. ऊस बोला, पाऊस बोला, बिबट्या बोला. फक्त तुमचा बँड बोलू नका."

"मी कशाला बोलू? त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"तेच म्हणतेय. शपथ घ्या."

घेतली शपथ. आणि तुम्हाला सांगतो, पोहे होईपर्यंत मी इतका गुणी वागलो की आमच्या सौ., म्हणजे सुनंदा, माझ्याकडे संशयानं बघायला लागली. साळवे साहेब मागच्याच महिन्यात कंपनीतून रिटायर झालेले. बारीक अंगाचे, शांत, मोजकं बोलणारे. वस्तीवरून माझे थोरले भाऊ, आण्णा आले होते. तारीख जवळजवळ ठरली, हॉल ठरला, साखरपुडा वेगळा नको हेही ठरलं. आण्णा म्हणाले, "मग साखर वाटू या का?"

आणि तेवढ्यात साळवे साहेबांचा मोबाईल वाजला.

ती गिटार! पहिल्या तीन सुरांतच मी खुर्चीतून उठलो.

"साहेब! ही रिंगटोन... हा तर..."

"तुम्ही ऐकता?" साळवे साहेबही उठले. फोन वाजतोय, पलीकडचा माणूस ताटकळतोय आणि आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून उभे! राहुरीसारख्या ठिकाणी हा बँड ऐकणारा दुसरा माणूस मिळणं, तोही होणारा व्याही! सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रज्ञाच्या तोंडचं मात्र पळालं.

"तुमचा आवडता अल्बम कोणता?" मी विचारलं.

"अकरावा," साळवे साहेब म्हणाले.

मी हसलो. मला प्रामाणिकपणे वाटलं, माणूस विनोद करतोय.

"अकरावा! साहेब, त्याची फॅट लावली तर मशीन एरर दाखवील!"

आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. पातेलं पडलं नव्हतं, आत गेलेल्या प्रज्ञानं पाडलं होतं. पण मी कुठला थांबतोय? इतक्या वर्षांनी जाणकार श्रोता मिळाला होता.

"अहो, तो आवाज बघा ना! टाचणी लागलेल्या फुग्यासारखा. या वयात माणसानं गप घरी बसावं, नातवंडं खेळवावीत. रिटायर झालं की झालं!"

आता मला सांगा, मागच्या महिन्यात रिटायर झालेल्या माणसापुढे हे वाक्य कोण बोलेल?

साळवे साहेब सावकाश खाली बसले. "माझी बायपास झाली होती," ते म्हणाले. "घरात पडून होतो. जिन्यापर्यंत जायची भीती वाटायची. तेव्हा हा अल्बम आला. म्हटलं, गाणारा माझ्याहून म्हातारा. तो उभं राहून गातोय, तर मला जिना उतरायला काय झालं? तो कानात लावूनच मी चालायला लागलो."

इथे कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, "वा साहेब!" आणि साखर पुढे केली असती. मी काय म्हणालो?

"औषध म्हणून चांगला असेल हो. पण औषध वेगळं आणि दूध वेगळं."

साळवे साहेबांनी चष्मा पुसला, घातला आणि उठले. दारात म्हणाले, "बघू. कळवतो."

कळवतो! बैठकीतल्या या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. 'कळवतो' म्हणून गेलेला माणूस पुन्हा फक्त बाजारात दिसतो, तोही दुसऱ्या गल्लीला वळताना.

प्रज्ञा भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली. चहाचा कप माझ्यासमोर असा ठेवायची, जसा हॉटेलवाला उधारी थकलेल्या गिऱ्हाइकापुढे ठेवतो. तिसऱ्या दिवशी कळलं, सुमेधच्या घरी त्याचे वडील म्हणाले होते, "आवड वेगळी असली तर चालतं रे. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर फॅट लावणाऱ्या माणसाशी जन्माचं नातं करायचं का, याचा मला विचार करू दे."

सुनंदानं फोन माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोलायचे. चुकलो, माफ करा. तिसरा बोललात तर मी माहेरी जाईन."

मी फोन लावला. म्हटलं, "साहेब, चुकलो. माफ करा."

"जाऊ द्या हो," साळवे साहेब म्हणाले. मोकळा आवाज होता. संपलं होतं सगळं! फोन ठेवायचा होता फक्त.

"पण," मी म्हणालो.

सुनंदानं डोळे मिटले.

"पण साहेब, तुम्ही मूळ ऐकलंच नाहीत. तुमचा दोष नाही. मोबाईलवर मिळतं ते सगळं मागाहून भेसळ केलेलं. या रविवारी आमच्या वस्तीवर या. माझ्याकडे मूळ कॅसेट आहे, मूळ डेक आहे. पहिला अल्बम ऐका. त्यानंतरही तुम्ही म्हणालात की अकरावा चांगला, तर मी भर मांडवात, सगळ्यांसमोर शब्द मागे घेईन."

पलीकडून आवाज आला, "येतो."

"पप्पा," प्रज्ञा बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली, "माझ्या लग्नावर पैज लावलीत तुम्ही?"

"पैज कसली? खात्री आहे."

"हे लग्न मोडलं ना, तर मी जन्मभर तुमच्याच घरात राहीन आणि रोज जेवताना तुम्हाला अकरावा अल्बम लावीन."

धमकी साधी नव्हती. शनिवारी डेअरीतून स्पिरिट आणलं आणि वस्तीवर जाऊन डेकच्या हेडवर कापसाचा बोळा फिरवून आलो.

आता वस्तीवरच्या लाईटीचं थोडं सांगतो. आमची वस्ती शेतीच्या लाईनवर. रस्त्याकडेला खांबावर डीपी, म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, आहे. त्या एकाच डीपीवर आमच्यासकट सात जणांच्या पाण्याच्या मोटारी आणि दोनचार घरं. लाईट आली रे आली की साती मोटारी एकदम उठतात. शेतकरी लाईटीची वाट बघत बसलेलाच असतो ना! मग घरातला बल्ब पणतीएवढा जळतो. आम्हाला लहानपणापासून वाटायचं, बल्ब असाच असतो.

रविवारी साळवे साहेब आणि सुमेध आले. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती, त्यामुळे मोटारी सुरूच होत्या. आण्णा पुढे झाले.

"जय भीम साहेब, या. बसा. ह्यो बघा आमचा डेक. म्या रोज मकंच्या कडंला लावतो."

"तुम्हालाही आवडतं का हे?" साळवे साहेबांनी विचारलं.

"मला न्हाई, बिबट्याला! म्हंजी त्याला आवडत न्हाई. ह्ये गानं लागलं की बिबट्या बांध वलांडत न्हाई. लई गुनाचं गानं हाय."

साळवे साहेब हसले. आल्यापासून पहिल्यांदा. मला हुरूप आला. सगळ्यांना पडवीत बसवलं, प्रज्ञा आणि सुनंदा दाराशी उभ्या राहिल्या, आणि मी कॅसेट लावली.

काय सांगू! तोच आवाज. तोच विहिरीचा तळ. तीच चढावरची गाडी. माझ्या अंगावर काटा आला. डोळे मिटून मी मान हलवत होतो. थोड्या वेळानं एक डोळा उघडून पाहिलं, तर साळवे साहेबांच्या कपाळाला आठ्या.

"वेगळंच आहे हो," ते म्हणाले.

"म्हटलं नव्हतं? वजन बघा, वजन!"

"हो, पण... गाणाऱ्याला तेव्हा काही आजार होता का?"

"आजार? साहेब, याला भारदस्तपणा म्हणतात!"

"पप्पा, हे मी ऐकलंय," सुमेध हळूच वडिलांना म्हणाला, "पण असं नाही." मी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जावई होण्याआधीच तो बिचारा गप्प झाला.

दुसरं गाणं सुरू झालं. माझं सगळ्यात लाडकं. गाणारा एक लांब ओळ घेतो, तिच्या टोकाला जाऊन आवाज असा खाली सोडतो, असा खाली सोडतो की ऐकणाऱ्याचं काळीज... "आता ऐका हं," मी बोट वर केलं. गाणाऱ्यानं ओळ घेतली, अर्ध्यात आला...

आणि डोक्यावर मिणमिणणारा बल्ब भक्कन उजळला.

पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय म्हणून सांगतो. गाणारा त्या ओळीच्या मधोमध वर गेला! विहिरीच्या तळातून कोणीतरी दोरानं ओढून काढल्यासारखा. आवाज पातळ, चिरका. ड्रमवाल्याला एकदम एसटी आठवली. जो आवाज मी आयुष्यभर फुगा म्हणून हिणवला, तोच आवाज, माझ्या मूळ कॅसेटमधून, माझ्या मूळ डेकमधून!

"कोणी हात लावला?" मी ओरडलो. "आण्णा, डेक बिघडला!"

"डेकाला काय धाड भरलीय?" आण्णा अंगणातून म्हणाले. "थ्री फेज गेली. मोटारी बंद झाल्या, म्हून लाईटीला जोर आला."

"पण लाईट गेली की सगळंच जातं ना!"

"त्ये तुज्या येळंला. आता मोटारीची लाईट गेली तरी घराला सिंगल फेज ऱ्हाती. तू येतोस कदी वस्तीवर? तुला काय म्हाईत?"

मी जिथे होतो तिथेच राहिलो. डोक्यात एकेक मोटर बंद पडत होती. माझ्या कॉलेजच्या काळात घरात लाईट असायची तेव्हा मोटारी चालूच असायच्या. मोटारी बंद म्हणजे अंधार. म्हणजे हा डेक मी पूर्ण ताकदीच्या लाईटीवर कधी, एकदाही, ऐकलाच नव्हता. लाईट कमी म्हणून टेप हळू फिरायची, टेप हळू म्हणून आवाज जड; तो जन्मभर अर्धपोटी रांगत होता आणि मी त्याला भारदस्तपणा म्हणत होतो!

साळवे साहेबांनी मोबाईल काढला. तेच गाणं शोधलं आणि डेकच्या शेजारी ठेवून त्याच ओळीपासून लावलं. दोन्ही आवाज हातात हात घालून चालले. तसूभर फरक नाही. गाणारा तोच, श्वास तोच, ड्रमवाल्याची घाई तीच. पहिल्या अल्बमपासून अकराव्यापर्यंत त्या बिचाऱ्याच्या आवाजाला मी म्हणत होतो तसलं काहीही झालं नव्हतं.

डेअरीवर रोज सकाळी मी आधी मशीन तपासतो, मगच दुधाला हात लावतो. मशीन खोटं असेल तर गवळ्याला चोर ठरवायचं नाही, हे मीच नव्या माणसांना शिकवतो. आणि इथे? ज्या बँडला मी इतकी वर्षं पूजत होतो, त्यात चार परदेशी माणसं होती आणि आमच्या शिवारातल्या सात पाण्याच्या मोटारी!

"म्हंजी," आण्णांना आता कुठे उलगडा झाला, "ह्या गान्यात आपली बी मोटर हाय व्हय?"

झालं! साळवे साहेब हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग छातीवर हात ठेवून माणूस पुढे वाकला. सुमेध घाबरून उठला. "पप्पा, हळू! बायपास झालीय तुमची!" लग्न मोडलं होतंच, आता व्याहीही जातोय! प्रज्ञा पाणी घेऊन धावली. साळवे साहेबांनी दोन घोट घेतले, डोळे पुसले आणि पुन्हा त्या डीपीकडे बघून हसत सुटले.

माझ्याकडे आता कोणीच बघत नव्हतं. प्रज्ञा मात्र बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती.

मी उठलो. हात जोडले. "साहेब, माझा शब्द मागे घेतो. अकराव्याला मी जे बोललो ते सगळं. आणि तुमच्या दुखण्याला जे बोललो, ते तर आधी." या वेळी मागे 'पण' आलं नाही. सुनंदा त्याची वाट बघत होती, हे मला दिसत होतं.

साळवे साहेबांनी मान हलवली. "असं नाही चालणार. तुम्ही काय म्हणाला होतात? भर मांडवात, सगळ्यांसमोर."

"हो, पण त्याला मांडव..."

"मग घालावाच लागेल की आता," साळवे साहेब म्हणाले. "तुमचा शब्द वाया का घालवायचा? आण्णा, ती साखर कुठे आहे?"

प्रज्ञा आत पळाली. साखरेचा डबा आणायला गेली असं सगळ्यांना सांगितलं, पण बराच वेळ आली नाही. सुमेध डबा शोधायला मदत करतो म्हणून आत गेला, तोही आला नाही. शेवटी साखर आण्णांनीच आणली.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, आता न्याय करायचा. डेअरीतून आलो, हातपाय धुतले, खुर्चीत बसलो आणि मोबाईलवर अकरावा अल्बम लावला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे न बोलता, मनात फॅट न लावता. आणि खरं सांगू? चांगला आहे हो! म्हातारा कुठेही तरुण असल्याचं सोंग करत नाही. जिथे दम पुरत नाही तिथे चक्क थांबतो, श्वास घेतो आणि पुन्हा धरतो. जिना उतरणाऱ्या माणसासारखा. मला साळवे साहेब कठड्याला धरून उतरताना दिसले.

माझ्यानं राहवेना. लगेच फोन लावला.

"व्याही, आत्ताच अकरावा पूर्ण ऐकला. मनापासून सांगतो, अप्रतिम आहे. पहिल्यापेक्षाही!"

पलीकडून साळवे साहेबांनी फार काळजीनं, फार हळू विचारलं,

"लाईट कशी आहे तुमच्याकडे? मोटारी चालू आहेत का?"

अहो, मी राहुरीत होतो. मोबाईलवर ऐकलं होतं, बॅटरीवर. माझ्या खोलीपासून कोसभर कुठे मोटर नाही. तरी, तुमच्यापासून काय लपवायचं, उत्तर देण्याआधी मी मान वर करून बल्बकडे बघून घेतलंच.